राख चुंबकाला दाद देत नाही

भूम तालुक्यातल्या ईटच्या शिवारात पहिला जोराचा पाऊस होऊन ओढ्याचा लोंढा ओसरला, की कडेच्या रेतीवर काळ्या रेघा उरतात. वळणावर पाणी जिथे मंदावतं तिथे त्या अधिक ठळक असतात. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं गोल चुंबक त्या रेतीतून फिरवलं, तर बारीक चकचकीत काळे कण त्याला उभेच्या उभे चिकटतात. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरांनी हा खेळ खेळलेला आहे. हे कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंडाच्या एका ऑक्साइडचे. बालाघाटाचा डोंगर ज्या बेसॉल्टचा बनलाय, त्यात हे खनिज थोडं टायटॅनियम पोटात घेऊन सगळीकडे विखुरलेलं आहे. खडक झिजतो, हलकी माती वाहून जाते आणि जड कण मागे राहतात. पाण्याने आधी वजनावर निवड केलेली असते, चुंबक त्याच मालातून पुन्हा आपल्या परीने निवड करतं. कोळसा साफ करण्याचं बरंचसं तंत्र याच दोन निवडींवर उभं आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

या काळ्या खडकाखाली कोळसा मात्र नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, किल्लारीला, १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल भोक पाडून जमिनीचं पोट तपासलं. वरचे ३३८ मीटर बेसॉल्टचे थर, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा खडक आणि मग थेट पुरातन ग्रॅनाइटी पाया. विदर्भात ज्या थरांत कोळसा सापडतो ते थर तिथे लागलेच नाहीत. मराठवाड्याच्या वाट्याला कापसाची काळी माती आली, कोळसा चंद्रपूर-यवतमाळ-नागपूरच्या वाट्याला गेला.

तरी ईटला कोळसा रोज येतो, तारेतून येतो. खव्याच्या व्यवसायातला दुधाचा कूलर, वेल्डिंगचं दुकान, पिठाची गिरणी, बोअरवरची मोटार, सगळं त्या तारेवर. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, की हातात बॅटरी घेऊन साप-किरडू चुकवत पाणी द्यायला बांधावर जावं लागतं. ती वीज नेमकी कोणत्या केंद्रातून आली हे ग्रीडमध्ये सांगता येत नाही. पण मराठवाड्यातलं महानिर्मितीचं औष्णिक केंद्र एकच आहे, परळी वैजनाथचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ३० मेगावॉटच्या दोन छोट्या संचांनी ते सुरू झालं. पुढे २१० मेगावॉटचे संच आले, म्हातारे झाले, बंद झाले. आज तिथे २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांना कोळसा लागतो तो विदर्भातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा, तेलंगणातल्या सिंगरेणीचा, आणि गरजेप्रमाणे आणखी दूरचा.

एक साधा हिशेब मांडू. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले, तर १ कोटी ८० लाख युनिट वीज तयार होते. आपल्या कोळशाच्या प्रतीला युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दिवसाला बारा-साडेबारा हजार टन. मालगाडीची एक रेक ५८-५९ वाघिणींची, सुमारे चार हजार टनांची. दिवसाला तीन रेक. आता भारतीय औष्णिक कोळशातलं राखेचं प्रमाण पाहा: ३५ ते ४० टक्के नेहमीचंच, कधी त्याहूनही जास्त. याचा अर्थ तीन रेकपैकी एक रेक भरून आपण न जळणारी दगडमाती शेकडो किलोमीटर वाहून आणतो, दळतो, भट्टीतून फिरवतो आणि परळीच्या परिसरात टाकतो. रोज.

हा आकडा ज्याच्या मनात एकदा बसला, त्याला कोळशातून अशुद्धी काढण्याचा विषय केवळ इंजिनिअरांचा वाटणार नाही.

ही माती आली कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढची सगळी अडचण तिच्यातच आहे. युरोप-अमेरिकेतला पुष्कळसा कोळसा जिथे झाडं उभी होती तिथेच दलदलीत गाडला जाऊन तयार झाला. आपला गोंडवनी कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तो बऱ्याच अंशी पुराच्या पाण्याने वाहून आणलेल्या झाडोऱ्याचा, असं भूशास्त्रज्ञ मानतात. पुराने लाकूड-पाला आणला तसा गाळही आणला, आणि दोन्ही एकाच खड्ड्यात एकत्र बसले. त्यामुळे चिकणमाती आणि गारगोटीचे कण कोळशाच्या अंगात मुरलेले आहेत. खाणीतून आलेला ढेकूळ फोडला तर आत दगडाच्या बारीक पट्ट्या दिसतात. पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारी माती त्याहून कितीतरी जास्त असते. वरून चिकटलेली घाण धुऊन निघते, ही अंगात जन्मापासून मुरलेली.

याशिवाय आणखी दोन प्रकारची अशुद्धी असते. एक, लोखंड पोटात असलेली खनिजं: सोन्यासारखं चमकणारं पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक, आणि तपकिरी सिडेराइट, म्हणजे लोखंडाचा कार्बोनेट. दुसरं सरळसरळ भंगार: खाणीत आणि वाघिणीत कोळशात मिसळलेलं लोखंडाचं सामान. चुंबकाचं नाव काढलं, की सगळ्यात आधी हे भंगार डोळ्यांसमोर येतं आणि चुंबकाचं सगळ्यात चोख काम तेच आहे.

गावातल्या पिठाच्या गिरणीत दाणे ज्या पेटीतून दगडांवर पडतात तिच्या तोंडाशी बरेच गिरणीवाले चुंबकाचा तुकडा बसवतात. ज्वारीत खिळा, तारेचा तुकडा, चिमटलेलं टोपण काहीही येतं. दगडात गेलं तर ठिणगी उडते, दगड खराब होतो आणि पिठात लोखंड जातं. औष्णिक केंद्राचा कोळसा विभाग, ज्याला तिथले लोक सीएचपी म्हणतात, तो हीच काळजी अवाढव्य प्रमाणावर घेतो. वॅगन टिपलर अख्खी वाघीण उचलून कूस बदलावी तशी उलथी करतो. साठ-पासष्ट टन कोळसा काही क्षणांत खालच्या हॉपरमध्ये कोसळतो. तिथून रबरी पट्ट्यांचा प्रवास सुरू होतो. सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने कोळसा क्रशरकडे आणि क्रशरकडून बंकरकडे धावतो. त्या पट्ट्याच्या वर, हातभर उंचीवर, चुंबक टांगलेलं असतं. त्याच्याभोवती एक छोटा आडवा पट्टा फिरत असतो. चुंबकाने खेचलेला तुकडा त्या पट्ट्याला चिकटतो, बाजूला नेला जातो आणि चुंबकाची हद्द संपताच खालच्या पेटीत पडतो.

त्या पेटीत काय काय जमतं ते पाहिलं, की खाणीपासून बॉयलरपर्यंतचा सगळा रस्ता समोर उभा राहतो. छत धरण्यासाठी भूमिगत खाणीत ठोकलेले रूफ बोल्ट. ड्रिलच्या दांड्यांचे तुकडे. वाघिणीच्या दरवाज्याच्या कड्या-पिना, साखळीचे दुवे, नट-बोल्ट, कुणाचा तरी हरवलेला पाना. यातलं एक जरी क्रशरच्या हातोड्यांत सापडलं तर हातोडे तुटतात. धारदार तुकडा पट्ट्यात अडकला तर शेकडो मीटर लांबीचा रबरी पट्टा उभा फाटत जातो. पट्टा फाटला की बंकर रिकामे होऊ लागतात, आणि मग संचाचा भार कमी करण्यावाचून गत्यंतर नसतं.

पण चुंबकाच्या कामाला मर्यादा आहेत आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. अंतर वाढलं की त्याची ओढ झपाट्याने घटते. अर्धा हात जाडीच्या कोळशाच्या थराखाली दबलेला खिळा त्याच्या हाती लागत नाही. म्हणून शहाणे इंजिनिअर चुंबक पट्ट्याच्या शेवटच्या टोकावर लावतात, जिथे कोळसा पुलीवरून झेपावताना मोकळा होतो. विद्युतचुंबक असेल तर गुंडाळी तापली की त्याचा जोर कमी होतो, आणि ऐन वेळी वीज गेली तर पकडलेला तुकडा पुन्हा कोळशावर पडू शकतो. कायम चुंबकाला ही भीती नाही.

सर्वांत चकवा देणारी गोष्ट वेगळीच. उघड्या खाणीतल्या शॉव्हेल आणि ड्रॅगलाइनच्या बादलीला जे पोलादी दात असतात, ते बऱ्याचदा मॅंगनीज पोलादाचे असतात. रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद, त्यात १२ ते १४ टक्के मॅंगनीज. जितकं आपटावं तितकं वरून कठीण होणारं, दगड फोडायला उत्तम. आणि चुंबकाला अजिबात न चिकटणारं! लोखंडाचा भाग ऐंशी टक्क्यांहून जास्त, तरीही चुंबक त्याच्यावरून कोरडं निघून जातं. अख्ख्या कोळशाच्या ढिगातली सर्वांत घातक वस्तू हीच आणि चुंबक नेमकं तिला ओळखत नाही. यासाठी चुंबकानंतर पट्ट्यावर मेटल डिटेक्टर बसवावा लागतो. तो वस्तू खेचत नाही, फक्त ओरडतो आणि पट्टा थांबवतो. मग माणूस जाऊन कोळसा उपसून तो दात बाहेर काढतो. पट्टा वारंवार थांबतो म्हणून डिटेक्टरची संवेदनशीलता कमी करून ठेवण्याचा मोह कोणालाही होईल. तो टाळण्यात कामगाराची आणि अधिकाऱ्याची शिस्त लागते. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण इथे केलेल्या कष्टाची बातमी कधीच होत नाही, बातमी होते ती फक्त पट्टा फाटला तर.

चुंबकाचं दुसरं काम कोळसा धुण्याच्या कारखान्यात, म्हणजे वॉशरीत. आणि ते मला सर्वांत सुंदर वाटतं, कारण तिथे चुंबक कोळशाला हातही लावत नाही.

कोळशाची घनता पाण्याच्या १.३ ते १.४ पट, दगडाची अडीच पटीच्या आसपास. यांच्या मधली घनता असलेला द्रव मिळाला तर त्यात कोळसा तरंगेल आणि दगड तळाला जाईल. असा स्वस्त, बिनविषारी द्रव निसर्गात नाही. म्हणून तो बनवला जातो: पाण्यात मॅग्नेटाइटची अगदी बारीक पूड घोळून. मॅग्नेटाइट पाण्याच्या पाच पट जड, त्यामुळे पूड किती घालायची यावर द्रवाची घनता १.४, १.५, १.६ अशी हवी तशी बेतता येते. या काळ्या पाण्यात फोडलेला कोळसा सोडला की निवड होते. मात्र वर आलेला कोळसा आणि खाली गेलेला दगड दोन्ही मॅग्नेटाइटने माखलेले निघतात. ते हलत्या चाळणीवर पाण्याच्या फवाऱ्याखाली धुतले जातात, आणि ते धुवण पोटात चुंबकं बसवलेल्या फिरत्या ढोलावर सोडलं जातं. ढोल मॅग्नेटाइट पकडतो, माती-पाणी खाली वाहून जाऊ देतो. पकडलेली पूड पुन्हा कामाला लागते. घातलेल्या पुडीतला ९९ टक्क्यांहून जास्त भाग असा परत मिळतो, टन कोळशामागे एखाद किलोच्या आसपास हातचा जातो. चुंबकाने ती पूड परत दिली नसती तर ही पद्धत कोणालाच परवडली नसती.

भारतात कोळसा धुण्याची सुरुवात टाटांच्या वेस्ट बोकारोत १९५१ ला झाली, पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशासाठी. आपल्याकडे घुग्घुस, वणी, राजुरा या पट्ट्यात विजेच्या कोळशासाठी वॉशरी उभ्या राहिल्या. पण आपल्या कोळशाच्या अंगात मुरलेली माती इथेही आडवी येते. कित्येक तुकडे निम्मे कोळसा आणि निम्मे दगड असतात. ते ना धड तरंगत, ना धड बुडत. राख कमी करायची म्हणून द्रवाची घनता उतरवली, तर बुडालेल्या दगडाबरोबर चांगला कोळसाही टाकाऊत जातो. वॉशरीच्या त्या रिजेक्ट मालाला किंमत असते, तो कुठेतरी जळतोच, आणि त्याच्या हिशेबावरून वाद झडत राहतात. धुतलेला कोळसा ओला येतो, त्याचंही वजन भाडं भरून वाहावं लागतं.

तिसरं काम अजून स्वप्नातच आहे म्हणावं लागेल. कोळशाची पूड करून तीतून थेट चुंबकाने अशुद्धी काढायची.

मायकेल फॅरडेने १८४५ मध्ये दाखवून दिलं, की चुंबकाचा परिणाम फक्त लोखंडावर होतो ही समजूत बरोबर नाही. पुरेसं तीव्र चुंबक असेल तर जवळजवळ प्रत्येक पदार्थ त्याला प्रतिसाद देतो. काही पदार्थ किंचित खेचले जातात, काही किंचित दूर ढकलले जातात. शुद्ध कोळसा दुसऱ्या गटातला. पायराइट आणि सिडेराइट पहिल्या गटातले, त्यातही पायराइटची ओढ फारच क्षीण, सिडेराइटची बरी. फरक लहान, पण फरक आहे, आणि तो हेरता आला पाहिजे.

तो हेरण्याचं यंत्र अमेरिकेत एमआयटीच्या चुंबक प्रयोगशाळेतल्या हेन्री कोल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं. मोठ्या विद्युतचुंबकाच्या पोटात पोलादी तारांचा गुंता ठासायचा. भांडी घासायच्या काथ्यासारखा, पण चुंबकीय पोलादाचा. त्या प्रत्येक तारेच्या कडेला चुंबकीय ओढ एकवटते आणि जवळून जाणारा अतिक्षीण कणही तिथे अडकतो. हे तंत्र सर्वप्रथम जॉर्जिया राज्यातल्या केओलिन मातीच्या धंद्यात रुजलं. कागदाला गुळगुळीत पांढरेपणा देणाऱ्या त्या मातीतले लोखंडाचे पिवळट डाग त्याने निघतात, आणि १९८० च्या दशकात तर तिथे अतिवाहक चुंबकंही कामाला लागली. १९७०च्या दशकात तेलटंचाईने अमेरिका पुन्हा कोळशाकडे वळली. तिथल्या कोळशात गंधक भरपूर, त्यामुळे आम्लपावसाची धास्ती. साहजिकच कोळशातलं पायराइट या यंत्राने काढण्याचे प्रयोग सुरू झाले. कोणी कोळशावर लोखंडाच्या कार्बोनिल संयुगाची वाफ सोडून खनिजांच्या कणांवर लोखंडाचा पातळ थर बसवला, म्हणजे चुंबक त्यांना सहज पकडेल. कोणी कोळशाला मायक्रोवेव्ह दिली. त्यात पायराइट कोळशापेक्षा चटकन तापतं आणि त्याचं पृष्ठ पायऱ्होटाइटमध्ये बदलतं, जे चुंबकाला चांगलं चिकटतं. प्रयोगशाळेत आणि छोट्या प्रायोगिक कारखान्यांत हे सगळं जमलं. व्यापारी पातळीवर ते रुजलं नाही.

कारण सरळ आहे. पायराइटचे कण सुटे करायला कोळशाचं अगदी पीठ करावं लागतं. कोरडं पीठ हवेत उडालं तर स्फोट होऊ शकतो. ओलं केलं तर पुन्हा वाळवायला खर्च. शिवाय गंधकाचा एक मोठा वाटा कोळशाच्या कार्बनशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. त्याला कोणतंही चुंबक वेगळं करू शकत नाही. धुराड्यात चुनखडीने गंधक धुऊन काढणं महाग असलं तरी भरवशाचं ठरलं, आणि गुंतवणूक तिकडे गेली.

एक कल्पना मात्र अजून विचार करण्यासारखी आहे. वीजकेंद्रात कोळशाचं पीठ तर आपण करतोच. मिलमध्ये तो इतका दळला जातो की सत्तर टक्क्यांवर भाग मिलिमीटरच्या तेराव्या हिश्शापेक्षा बारीक होतो. मिलच्या आत हलका कोळसा हवेबरोबर बॉयलरकडे जातो, जड कण पुन्हापुन्हा खाली येऊन दळले जातात. या फिरत राहणाऱ्या मालात पायराइट आणि इतर जड खनिजं एकवटतात. अगदीच न दळले जाणारे तुकडे मिलच्या तळातून बाहेर पडतात, आणि त्या पेटीला आपल्या वीजकेंद्रांतही पायराइट हॉपर म्हणतात. या फिरत्या मालाची थोडी धार बाहेर काढून कोरड्याच चुंबकावरून घालवायची आणि साफ माल परत मिलमध्ये सोडायचा, असं यंत्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कंपनीने बनवून पाहिलं. वेगळं दळणं नाही, पाणी नाही. कल्पना म्हणून मला ती फार आवडते.

पण आपल्या कोळशावर तिने किती फरक पडेल? इथे उत्साहाला आवर घालावा लागतो. भारतीय गोंडवनी कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का. वर्धा खोऱ्यात पायराइट सापडतं, तिथला कोळसा ढिगातच तापून धुमसायला लागतो त्याला तेही काही अंशी कारण आहे. तरी एकूण प्रमाण थोडंच. आपल्या राखेचा मोठा भाग म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना, गारगोटी आणि चिकणमाती. त्यांच्यात लोखंड नाही किंवा नाममात्र आहे. जगातलं सर्वांत जबर चुंबक आणलं तरी शुद्ध गारगोटी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाही. सिडेराइट आणि लोखंड मुरलेली थोडी माती निघेल, राख काही टक्क्यांनी उतरेल, मिलचे आणि बॉयलरच्या नळ्यांचे हाल थोडे कमी होतील. ४० टक्क्यांची राख २० टक्क्यांवर आणण्याचं आश्वासन कोणी चुंबकाच्या जोरावर देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग मराठवाड्याच्या माणसाने या विषयात लक्ष का घालावं? पाण्यासाठी.

२०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचे संच बंद करावे लागले. २०१५ च्या जुलैत पुन्हा तीच वेळ आली आणि केंद्र वर्षाहून अधिक काळ थंड पडलं. त्याच दुष्काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांनुसार जुन्या औष्णिक केंद्राने मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटरच्या आत पाणी वापरायचं. परळीच्या तीन संचांना पूर्ण भारावर या दराने दिवसाला सहा कोटी लिटरहून जास्त लागेल. यातला मोठा भाग थंडाव्याचा, पण राख ओली करून पाइपातून तळ्याकडे ढकलायलाही पाणीच लागतं. राख जितकी जास्त तितकं ते पाणी जास्त. इथे पाणी वाचवायचं तर दगड खाणीवरच सोडून यायला हवा, आणि तोही शक्यतो न धुता. म्हणून कोरड्या पद्धतींकडे माझा ओढा आहे. एक्स-किरणांनी दगड ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवणारी यंत्रं, हवेच्या जोरावर हलका कोळसा आणि जड दगड वेगळे करणारे जिग, हे भारतातही वापरून पाहिले गेले आहेत. बारीक मालासाठी त्यांच्या जोडीला चुंबकाचा रोलर येऊ शकतो. त्यांची निवड ओल्या वॉशरीइतकी नेमकी नसते. पण वाघिणीत भरला जाणारा सरळसरळ दगड आणि शेल त्यांनी नक्कीच अडवता येईल.

धोरण मात्र उलट दिशेने गेलं. १९९७ च्या अधिसूचनेने ठरवलं होतं, की खाणीपासून १००० किलोमीटरपेक्षा दूरच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा पाठवायचा नाही. २००१ पासून ते लागू झालं. २०१४ मध्ये अंतराची अट टप्प्याटप्प्याने ५०० किलोमीटरवर आणायचं ठरलं. आणि मे २०२० मध्ये ती अटच काढून टाकली. कारण दिलं गेलं, की वॉशरीचा रिजेक्ट माल आसपासचे कारखाने जाळतात आणि प्रदूषण नुसतं जागा बदलतं. यात तथ्य आहे. पण त्यावर उत्तर रिजेक्टचा हिशेब कडक करणं हे होतं, अट काढणं नव्हे. गंधकाच्या बाबतीतही जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतांश औष्णिक केंद्रांना धुराड्यातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हा त्यामागचा युक्तिवाद. गंधक कमी आहे हे खरंच. राख कमी आहे असं कोणी म्हणू शकत नाही.

ती राख परळीच्या परिसरात तळ्यांमध्ये साठते, उन्हाळ्यात वाऱ्यावर उडून शेजारच्या गावांच्या पिकांवर, घरांवर बसते. हायवा भरभरून रस्त्यावरून जाते. तिच्या विटा होतात, सिमेंटमध्ये जाते. २०२१ च्या डिसेंबरातल्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिघातल्या बांधकामांवर तिचा वापर करण्याची जबाबदारी टाकली. ईट त्या परिघात आरामात येतं. मातीची भट्टीतली वीट जाऊन राखेची करडी वीट घराला लागत असेल तर शेतातली काळी माती वाचते, हा फायदा खरा आहे. या राखेतही थोडा भाग चुंबकाला चिकटतो. कोळशातलं पायराइट आणि सिडेराइट भट्टीत जळून मॅग्नेटाइटच्या सूक्ष्म गोळ्या होतात. त्या वेचून वॉशरीतल्या काळ्या पाण्यासाठी वापराव्यात, असे प्रयोग अमेरिकेत झालेले आहेत. कोळशातूनच निघालेलं लोखंड कोळसा साफ करायला लावायचं, हे आपल्याकडेही करून पाहायला हरकत नाही.

पण राखेचा उपयोग झाला म्हणून ती मुळात आणायलाच हवी होती असं होत नाही. आज कोळशाची प्रत जी-१ ते जी-१७ अशा उष्मांकाच्या पायऱ्यांवर ठरते. नमुना खाणीवर वाघीण भरताना घेतला जातो, त्याची तपासणी त्रयस्थ संस्था करते, आणि तरीही भरणाऱ्याच्या आणि उतरवणाऱ्याच्या कागदांतला फरक हा कोळसा-व्यवहारातला जुना वाद आहे. परळीसारख्या केंद्राने आपल्या टिपलरवर रेकनिहाय राखेची मोजणी करावी, ती रोज जाहीर करावी, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टन दगडाचं रेल्वेभाडं खाणीने सोसावं, अशी मागणी मराठवाड्याच्या आमदार-खासदारांनी लावून धरली पाहिजे. हे भाडं शेवटी विजेच्या बिलात येतं, आणि ईटमधला गिरणीवालाही ते भरतो.